मोकळी झाले, पण रिकामी

ताई,

माझं वय 51. नऊ वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी नोकरी सोडली आणि तिचं सगळं केलं. कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं, औषधं. त्या काळात मी सुखात होते असं मुळीच नाही. चिडायचे, रडायचे, यातून सुटका कधी असंही कैकदा मनात यायचं. (एवढंच, की वेणी घालताना ती मान माझ्या हातावर टेकवायची.) आठ महिन्यांपूर्वी आई गेली. सगळे म्हणतात, आता मोकळी झालीस, स्वतःसाठी जग. मोकळी झाले, पण रिकामी झाले. दुपारी चारच्या औषधाचा गजर फोनवर अजून वाजतो आणि तो काढून टाकायचा धीर होत नाही. कुणीतरी एक मानसशास्त्रीय चाचणी पाठवली. ती सोडवली, तर ‘अर्थाची जाणीव कमी, अर्थाचा शोध जास्त’ असा निकाल आला. माझी नऊ वर्षं वाया गेली का? आता काका अंथरुणाला खिळलेत. भाऊ म्हणतो, तू मोकळीच आहेस, त्यांच्याकडे जा. जाऊ का? निदान सकाळी कशासाठी उठायचं ते तरी कळेल.

– रिकामी

*

तुम्ही सहीच्या जागी ‘रिकामी’ असं लिहिलंय. त्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी कंसातल्या त्या वेणीच्या वाक्यापाशी थांबले. त्याच्याकडे नंतर येते. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण भाऊ बहुधा त्याचीच वाट बघत असेल. काकांकडे जायला आत्ता ‘हो’ म्हणू नका. पुढे कधी जाणारच नाही असंही ठरवू नका. पण आज तुम्ही जायला निघालात ते काकांसाठी निघालात असं मला पत्रात दिसत नाही. चार वाजता गजर वाजतो आणि हाताला काम नसतं, ते सहन होत नाही म्हणून निघालात. हे का महत्त्वाचं आहे ते सांगते.

त्याच्याही आधी एक विचारायचं आहे. झोप येते का? भूक लागते का? गेल्या दोन आठवड्यांत जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, कशातच मन लागत नाही, सगळंच ओझं वाटतं, आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटतं, असं काही होतंय का? होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आईच्या जाण्याचं दुःख आणि नैराश्याचा आजार बाहेरून सारखेच दिसू शकतात. दुःख भरून येतं आणि ओसरतं, मधेच एखाद्या आठवणीनं हसूही येतं. नैराश्यात ते हसूच बंद होतं. शिवाय नैराश्यात प्रत्येक गोष्ट निरर्थक वाटते, आणि ते मत आपलं नसतं, आजाराचं असतं. त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा आधी उपचार करायचे असतात. आणि ‘आपण नसतो तर बरं’ असा विचार एकदा जरी डोकावून गेला असेल, तर आजच्या आज जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. माझं उत्तर त्यानंतर वाचलं तरी चालेल.

आता अर्थाबद्दल. ‘आयुष्याचा अर्थ काय’ या प्रश्नाचं उत्तर मानसशास्त्र देत नाही. ते काम तत्त्वज्ञानाचं आणि धर्माचं. मानसशास्त्र त्याहून साधा प्रश्न विचारतं: माणसाला आपल्या जगण्यात अर्थ आहे असं केव्हा वाटतं, आणि ते वाटणं केव्हा विरून जातं? प्रश्न साधा असल्यामुळे तो तपासून बघता येतो.

आपण मराठीत ‘अर्थ’ हा शब्द कुठे कुठे वापरतो, बघा. न कळलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचली की तिचा अर्थ लागतो. विनाकारण खेटे घालावे लागले की आपण म्हणतो, ‘कशासाठी हे? काही अर्थ आहे का याला?’ आणि मुलांचं चांगलं झालेलं बघून म्हातारी माणसं म्हणतात, ‘जन्माचं सार्थक झालं.’ शब्द एकाच घरातले, पण गोष्टी तीन. पहिली गोष्ट उलगडण्याची, म्हणजे जे चाललंय त्याची संगती लागण्याची. दुसरी हेतूची, कुठे जायचं आहे त्याची. तिसरी मोलाची, म्हणजे माझ्या असण्यानं कुठेतरी फरक पडतो याची. फ्रँक मार्टेला आणि मायकेल स्टेगर या अभ्यासकांनी 2016 मध्ये आधीचं संशोधन चाळून नेमके हेच तीन धागे वेगळे केले. त्याच वर्षी लॉगिन जॉर्ज आणि क्रिस्टल पार्क यांनीही जवळपास अशीच तीन अंगं मांडली. तोवर ‘अर्थ’ आणि ‘हेतू’ हे शब्द अभ्यासकही सर्रास एकमेकांच्या जागी वापरत असत.

तुमच्या बाबतीत ही वेगळी वेगळी मोजणी फार कामाची आहे, कारण हे तिन्ही धागे तुम्ही एकाच खुंटीला बांधले होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, ठरल्या वेळी भरवायचं, चारला औषध. दिवसाची संगती त्यातून लागत होती. सकाळी उठायचं ते आईसाठी, हा हेतू झाला. आणि तुम्ही एक दिवस नसतात तर तिचं काय झालं असतं हे विचारायलाच नको, हे मोल. खुंटी निखळली आणि तिन्ही धागे एकदम खाली आले. तुम्हाला वाटतंय की आपल्यातलंच काहीतरी संपलं. माझ्या मते एवढ्या सगळ्याला एकच आधार होता, तो गेला. नऊ वर्षं अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या माणसाला दुसरी खुंटी ठोकायला सवड तरी कधी मिळते!

या तिघांपैकी संगतीचा धागा सगळ्यांत दुर्लक्षित राहतो, म्हणून तिथे जरा रेंगाळते. समँथा हाइन्झलमन, जेसन ट्रेंट आणि लॉरा किंग यांनी 2013 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात लोकांना वेगवेगळ्या ऋतूंतल्या झाडांची छायाचित्रं दाखवली. काहींना ती ऋतूंच्या क्रमानं दाखवली, काहींना कशीही उलटसुलट. क्रमाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नंतर आयुष्याच्या अर्थाबद्दलचे प्रश्न विचारले, तर क्रमानं चित्रं पाहिलेल्यांनी आपलं आयुष्य थोडं अधिक अर्थपूर्ण असल्याचं सांगितलं. झाडांच्या चित्रांचा आणि कुणाच्या आयुष्याचा काय संबंध? पण भोवतालात काही एक क्रम जाणवला की मनाला तो पुरतो. एका प्रयोगावर फार इमले बांधू नयेत हे मला मान्य आहे. पण हाइन्झलमन आणि किंग यांनीच 2019 मध्ये रोजच्या ठरलेल्या दिनक्रमाचा अभ्यास केला, त्याचाही कल तोच होता. ज्या वेळी जे नेहमी करतो ते करत असताना लोकांना जगणं अधिक अर्थपूर्ण वाटत होतं.

म्हणून तुमचा चारचा गजर काढून टाकू नका. ‘आता पुढे जा, तो गजर पुसून टाक’ असं सांगणारी माणसं भेटतील. त्यांचं ऐकू नका. नऊ वर्षं ज्या क्षणानं तुमची दुपार उभी धरली, तो क्षण फुकट घालवण्यासारखा नाही. गजर वाजू दे. त्याच्याखाली लिहिलेलं औषधाचं नाव मात्र एक दिवस, तुम्हाला जमेल तेव्हा, बदला. चार वाजता उठायचं आणि एक ठरलेली गोष्ट करायची. झाडांना पाणी, चालायला जाणं, कुणाला तरी फोन, काहीही. छोटी असली तरी रोज तीच. सुरुवातीला ती पोकळ वाटेल, वाटू दे. तिनं लगेच मोठा आनंद द्यावा अशी अपेक्षा ठेवू नका. काही काळ तिचं काम एवढंच, की दुपारला एक कड मिळावी.

आता तुमच्या पत्रातली खरी गाठ. आई असताना मी सुखात नव्हते, मग तिच्या जाण्यानं आयुष्य रिकामं कसं झालं, हे कोडं तुम्हाला छळतंय. तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण ‘मुळीच नाही’ हे शब्द तुम्ही ज्या जोरानं लिहिलेत त्यावरून वाटलं. त्यात थोडी लाजही असावी. सुटका मागत होते, मिळाली, मग आता रडते कशाला?

सुख आणि अर्थ या दोन गोष्टी पुष्कळदा हातात हात घालून येतात, पण त्या एक नाहीत. रॉय बॉमाइस्टर, कॅथलीन व्होज, जेनिफर आकर आणि एमिली गार्बिन्स्की यांनी 2013 मध्ये सुमारे 400 अमेरिकी प्रौढांच्या उत्तरांचा अभ्यास करून या दोन गोष्टी कुठे वेगळ्या होतात ते शोधलं. गरजा भागणं, बरं वाटणं, आत्ताच्या क्षणात असणं यांचा संबंध सुखाशी अधिक दिसला. देण्याचा, जबाबदारी घेण्याचा, गेल्या आणि येणाऱ्या काळाचा विचार करण्याचा संबंध अर्थाशी अधिक होता. ज्यांना काळजी, ताण जास्त होता ते सुखात कमी होते, पण त्यांना आयुष्य अधिक अर्थपूर्ण वाटत होतं. मुलं वाढवणाऱ्या कुठल्याही आईबापाला हे पटेल. हा संबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. ताण वाढवला की अर्थ वाढेल असं त्यातून निघत नाही. पण तुमच्या कोड्याचं उत्तर त्यात आहे. तुम्ही सुखात नव्हतात हे खरं, आणि तुमचं जगणं अर्थानं काठोकाठ भरलेलं होतं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. सुटकेची इच्छा होणं हा त्या प्रेमाचा अपमान नव्हता. अनेक वर्षं रात्रीची सलग झोप न मिळालेल्या शरीराची ती हाक होती.

‘स्वतःसाठी जग’ हा सल्ला तुम्हाला का लागू पडत नाही, तेही यावरून कळेल. ज्यांनी तो दिला त्यांचं मन चांगलं आहे. पण ते तुम्हाला सुख देऊ बघतायत, आणि तुमचं हरवलंय ते दुसरंच.

काय हरवलंय? माझ्या मते मुख्यतः तिसरा धागा, मोलाचा. मॉरिस रोझेनबर्ग आणि क्लेअर मॅककुला यांनी 1981 मध्ये, आपण कुणाच्या तरी लेखी मोलाचे आहोत या भावनेचा अभ्यास मांडला. तिच्यात काय काय येतं, तर कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष असणं, आपण त्यांना महत्त्वाचे असणं, आणि कुणीतरी आपल्यावर अवलंबून असणं. पुढे 2020 मध्ये व्लाड कोस्टिन आणि व्हिव्हियन विन्योल्स यांनी लोकांना काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा प्रश्न विचारून पाहिलं, की संगती, हेतू आणि मोल यांपैकी कशावरून पुढची अर्थाची जाणीव अधिक सांगता येते. मोल पुढे निघालं. आपल्या असण्यानं फरक पडतो, हे वाटणं.

कुणीतरी आपल्यावर पूर्णपणे अवलंबून असणं ही मोलाची सगळ्यांत भक्कम पावती असते. तिच्यात शंकेला जागा नसते. आणि म्हणूनच तिची सवय लागते. काकांकडे जाण्याचं भावाचं सांगणं तुम्हाला सुटकेसारखं वाटलं ते त्यामुळे. पुन्हा कूस बदलणं, पुन्हा चारचं औषध, पुन्हा सगळे धागे एका खुंटीला. काही महिने बरंही वाटेल. मग काका बरे होतील किंवा जातील, आणि तुम्ही पुन्हा आजच्याच जागी याल, पाच-सात वर्षांनी म्हाताऱ्या होऊन.

इथे मला व्हिक्टर फ्रँकल आठवतात. अर्थ हा विषय मानसोपचारात आणणारं हे सगळ्यांत मोठं नाव, व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ. 1942 मध्ये नाझींनी त्यांना पत्नी आणि आईवडिलांसह तेरेझिनच्या छळछावणीत नेलं. पुढे ऑशविट्झ, मग आणखी छावण्या. 1945 मध्ये सुटले तेव्हा आई, वडील, भाऊ, पत्नी कुणीच उरलं नव्हतं. 1946 मध्ये त्यांचं छावणीतल्या अनुभवांवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी दोन कैद्यांबद्दल लिहिलंय. दोघंही म्हणत होते, आयुष्याकडून आता कसलीच अपेक्षा उरली नाही. फ्रँकल यांनी प्रश्न उलटा फिरवला: आयुष्याला तुमच्याकडून काही अपेक्षा आहे का? तेव्हा कळलं, की एकाचं लाडकं मूल परदेशात त्याची वाट बघत होतं. दुसरा शास्त्रज्ञ होता आणि त्याची ग्रंथमाला अपुरी राहिली होती. बापाच्या जागी त्या मुलाला दुसरं कुणी चाललं नसतं. ती ग्रंथमाला दुसऱ्या कुणाला पुरी करता आली नसती.

लोक या गोष्टीतून ‘दुःखातच अर्थ असतो’ एवढंच उचलतात, आणि त्याचा मला राग येतो. शुश्रूषा करून थकलेल्या बायकांना हे वाक्य ऐकवून आणखी राबवलं जातं. फ्रँकल यांचं म्हणणं तसं नव्हतं. जे दुःख टाळता येतं ते टाळावं, विनाकारण सोसण्यात काही शौर्य नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. मला त्या गोष्टीतली महत्त्वाची वाटते ती बदली न चालण्याची बाब. तुमच्या भावाचं वाक्य पुन्हा वाचा: ‘तू मोकळीच आहेस.’ काकांना तुम्हीच हव्यात, असं त्यात कुठे आहे? रिकामा वेळ असलेलं कुणीही त्या वाक्यात बसेल. आईच्या खोलीत तुमची जागा दुसऱ्या कुणाला घेता आली नसती. इथे तुम्हाला एका मोकळ्या जागेवर नेमलं जातंय. काकांशी तुमचं काही खास नातं असेल, त्यांनी तुम्हाला लहानपणी खांद्यावर घेतलं असेल, त्यांना तुमचाच हात हवा असेल, तर मला कळवा, माझं मत बदलेल. पत्रात तसं एक अक्षर नाही.

चाचणीबद्दल थोडक्यात. तुमच्या निकालातल्या शब्दांवरून ती स्टेगर आणि सहकाऱ्यांची 2006 ची प्रश्नावली असावी. दहा विधानं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. पाच विधानं अर्थाच्या जाणिवेची, पाच शोधाची. हे निदान नव्हे. शोधाचे गुण जास्त येणं हा काही दोष नाही. अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या तरुणांची तुलना 2008 मध्ये झाली, तेव्हा अमेरिकी तरुणांत जाणीव आणि शोध एकमेकांच्या उलट दिशेला जाताना दिसले, तर जपानी तरुणांत ते बरोबरीनं वाढत होते. म्हणजे शोधणं हे काही कमी असल्याचंच लक्षण असतं असं नाही. आणखी एक: लॉरा किंग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलंय, की त्या दिवशी मन प्रसन्न असेल तर माणूस अर्थाचेही जास्त गुण देतो. आई जाऊन आठ महिने झालेल्या लेकीनं ती चाचणी सोडवली तर गुण कमी येणारच. तो कागद बाजूला ठेवा.

‘नऊ वर्षं वाया गेली का?’ या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणून मोकळी होऊ शकते, पण त्यानं तुमचं समाधान होणार नाही, कारण तो प्रश्न तुम्ही मला विचारलेलाच नाही. तो तुम्ही स्वतःची गोष्ट सांगताना स्वतःला विचारलाय. डॅन मॅकॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी लोक आपली जीवनकहाणी कशी सांगतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. काही जण वाईटातून काही बरं निघाल्याची गोष्ट सांगतात, काही जण चांगलं चाललेलं नासल्याची. घटना तीच असली तरी गोष्ट कुठे सुरू केली आणि कुठे संपवली यावर बरंच ठरतं. तुम्ही नोकरी सुटण्यापासून सुरू करता आणि रिकामपणावर संपवता. पण म्हणून आता ओढूनताणून गोड शेवट लावा असं मी सांगणार नाही. ‘या दुःखानं मला काय काय शिकवलं’ असले निबंध कुणी लिहायला लावले तर लिहू नका. ख्रिस्तोफर डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जवळचं माणूस अचानक किंवा अकाली गमावलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्या मृत्यूत काही अर्थ सापडलाच नव्हता. ज्यांनी तो शोधलाच नाही असेही लोक होते, आणि ते सावरलेलेही होते. आईच्या आजारपणात अर्थ सापडायलाच हवा असं नाही. आजारपण आजारपणच होतं.

आता कंसाकडे येते. ‘एवढंच, की वेणी घालताना ती मान माझ्या हातावर टेकवायची.’

‘एवढंच’ असं तुम्ही का लिहिलंत? वाचा गेलेल्या, अर्धं शरीर हरवलेल्या माणसाकडे सांगायला किती थोडी साधनं उरलेली असतात. मान सैल सोडणं हे त्यातलं एक. पाठीमागे जी उभी आहे तिच्यावर पूर्ण भरवसा असल्याशिवाय कुणी मान अशी सोडत नाही. ती रोज तुम्हाला काहीतरी सांगत होती आणि तुमच्या हाताला ते कळत होतं, नाहीतर नऊ वर्षांच्या हिशेबात ते वाक्य तुम्ही लिहिलंच नसतं. फ्रँकल यांनी अर्थाच्या तीन वाटा सांगितल्या: काही घडवणं, काही अनुभवणं किंवा कुणावर प्रेम करणं, आणि जे टळणार नाही त्याला कसं सामोरं जायचं ते ठरवणं. तुम्ही सगळा हिशेब पहिल्या वाटेनं मांडताय. काय केलं, काय मिळालं, नोकरी गेली, वर्षं गेली. वेणी दुसऱ्या वाटेवरची आहे. तिथे काही शिल्लक दाखवता येत नाही, पण जे झालं ते झालेलं असतं, ते कुणाला पुसता येत नाही.

माझी एक विनंती आहे. या आठवड्यात एकदा, चारच्या गजरानंतर, त्या वेणीबद्दल लिहा. तिचे केस कसे होते, फणी कुठली होती, खिडकी कुठल्या बाजूला होती, मान टेकवल्यावर किती जड लागायची, तुम्ही तेव्हा काही बोलायचात का. बोध लिहू नका, नुसतं काय होतं ते लिहा. रडू आलं तर थांबा, उठा, दुसरं काम करा. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये शोकाचं जे चित्र मांडलं त्यात हेच आहे: माणूस काही वेळ गेलेल्याच्या आठवणीत असतो, काही वेळ पुढच्या व्यवहारात, आणि या दोहोंत सारखा ये-जा करत असतो. सतत आठवणीत राहणं किंवा सतत कामाला जुंपून घेणं, दोन्हींत ही ये-जा खुंटते. काकांकडे लगेच जायचं नाही म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

मोठा हेतू शोधायला निघू नका. मी समुपदेशन करायला लागले तेव्हा समोरच्याला विचारायची, ‘तुमच्या आयुष्याचा उद्देश काय?’ भलेभले लोक ओशाळून जमिनीकडे बघायचे. आता विचारते, ‘गेल्या आठवड्यात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही असा तास कुठला?’ त्याचं उत्तर बहुतेकांकडे असतं. तुम्हीही आठवून बघा. आणि मग एक अशी जागा शोधा जिथे आठवड्यातून दोनदा तुमची वाट बघितली जाईल, तुम्ही गेला नाहीत तर ‘आज का आल्या नाहीत?’ असं कुणीतरी विचारेल, पण तुमच्यावाचून कुणाचा जीव अडणार नाही. एखाद्या मुलाला शिकवणं असेल, वाचनालयातलं काम असेल, जुन्या नोकरीतल्या कुणाला मदत असेल. नऊ वर्षं अर्धांगवायूच्या रुग्णाला सांभाळल्यामुळे तुम्हाला जे कळतं, ते काल-परवा घरी रुग्ण आणलेल्या एखाद्या कुटुंबाला तासभर बसून सांगितलंत तरी त्यांच्या कितीतरी रात्री सोप्या होतील. ते मात्र आणखी काही महिन्यांनी, आणि सांगण्यापुरतंच.

राहिला भावाला द्यायचा निरोप. त्याला सांगा, की तीन महिने मी काही ठरवणार नाही. तोवर काकांसाठी शुश्रूषा करणारी व्यक्ती नेमावी, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा. तीन महिन्यांनंतरही जावंसं वाटलं, तर जाण्याआधी चार गोष्टी कागदावर आणा: रोज किती तास, रात्री कोण, सुट्टी कुठल्या दिवशी, आणि किती महिन्यांनी पुन्हा बसून ठरवायचं. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर तेच उत्तर समजा. आणि या तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून घ्या. रक्तदाब, साखर, पाठ, डोळे. नऊ वर्षं माणूस उचलल्यावर पाठ दुखत नाही असं होत नाही, आणि तुम्ही पत्रात स्वतःच्या शरीराबद्दल एक शब्द लिहिलेला नाही.

गजराखालचं औषधाचं नाव बदललंत, की त्या जागी काय लिहिलं ते मला कळवा.

तुमची,
ताई